भिंतीकडची जागा

रात्री पायात गोळा आला की माणूस शहाणा असो की भोळा, ओरडतो सारखाच. सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्या गल्लीला भिकनआप्पांच्या ओरडण्याची इतकी सवय झाली होती, की शेजारपाजारची माणसं "आप्पांना गोळा आला" एवढं पुटपुटून कूस बदलायची. इकडे आप्पा पोटरी धरून बसलेले, त्यांची बायको शोभाबाई खोबरेल तेल घेऊन पोटरी चोळत बसलेल्या, आणि गोळा आपल्या मर्जीने आला तसा आपल्या मर्जीने गेला. सकाळी आप्पा जरा लंगडतच कामाला जायचे.

आप्पा तरुणपणी अमळनेरकडून सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्यात, कारागीर म्हणून उभे राहिले, ते अजून उभेच होते. यात काही अतिशयोक्ती नाही. खात्यात बसायला जागा नसते, कारण बसलेला कारागीर शेठला झोपलेला दिसतो. बारा तास सिमेंटच्या फरशीवर, या मशीनकडून त्या मशीनकडे. पाण्याचा माठ खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे जाऊन यावं तर तेवढ्यात धागा तुटायचा आणि कापड बिघडायचं. चहा मात्र जागेवर मिळायचा. तेव्हा आप्पांनी कित्येक वर्षं तहान चहावर भागवली होती आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पण घरात गोळ्याचं कारण खात्यात कोणी शोधत नव्हतं. ते घरातच शोधलं जात होतं. त्यालाही एक कारण होतं. आप्पांना गोळे पूर्वीही अधूनमधून यायचे, पण त्यांचा जोर वाढला तो मुलाच्या लग्नानंतर. मुलगा वाल्मिक हाही लूमवरच, बहुतेक रात्रपाळीला. त्याची बायको वर्षा धरणगावकडची, मोजकं बोलणारी, कामाला वाघ. सून आणि गोळे एकाच वर्षी घरात आले म्हटल्यावर दोघांचा संबंध लावायला वेळ कितीसा लागणार?

संबंध लावला समोरच्या कुसुमने. कुसुम शोभाबाईंच्या बरोबरीची, त्यांच्याच तालुक्यातली, आणि सगळ्या गल्लीच्या दुखण्यांवर तिच्याकडे उत्तर असायचं. नळावर हंडा भरता भरता ती म्हणाली, की आप्पांना झोपेत कोणीतरी ओलांडत असणार.

झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, हे आपल्यापैकी कोणाला लहानपणी सांगितलेलं नाही? ओलांडलेलं पोर खुजं राहतं म्हणतात, मोठ्या माणसाचे पाय भरून येतात म्हणतात. चुकून ओलांडलंच, तर आल्या वाटेने उलटं ओलांडून परत जायचं, म्हणजे दोष फिटतो. गावाकडे ओटा, ओसरी, अंगण असतं. माणसं ऐसपैस पसरून झोपतात, एकाला वळसा घालून दुसरा सहज जातो. तिथे ही रीत पाळणं काही जड जात नव्हतं. सुरतेच्या एका खोलीत मात्र सगळंच निराळं होतं.

शोभाबाईंच्या खोलीचं दार पुढे आणि दाराजवळच कोपऱ्यात मोरी. मागच्या भिंतीला ओटा आणि स्टोव्ह. रात्री अंथरुणं आडवी पडायची. दाराशी वाऱ्याला आप्पा, मध्ये शोभाबाई, आणि अगदी आत भिंतीला लागून वर्षा. एका बाजूला लोखंडी कपाट आणि पत्र्याच्या पेट्या रचलेल्या, त्यामुळे झोपणाऱ्याचे पाय थेट पेट्यांना टेकायचे. वर्षाला रात्री मोरीकडे जायचं झालं तर आधी सासूचे पाय ओलांडायचे आणि मग सासऱ्याचे. दुसरी वाटच नव्हती. आता शोभाबाईंचे पायही त्याच वाटेत पडायचे आणि त्यांना जन्मात कधी गोळा आला नव्हता, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आपल्याला हवं ते कारण एकदा सापडलं, की बाकीचं आपल्याला दिसत नाही.

शोभाबाईंचा स्वभाव आडून विचारण्याचा नव्हता. घरी येऊन त्यांनी सुनेला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "रातले उठस का व तू? मोरीकडे जावाले?"

दुसरी एखादी हुशार पोरगी असती तर नाही म्हणून मोकळी झाली असती. वर्षाने खरं ते सांगितलं. "एक-दोन डाव वलांडं व्हतं, आत्या. पन पाया पडीसन."

झालं! पाया पडून ओलांडलं काय आणि न पडता काय, ओलांडलं ते ओलांडलंच. दुसऱ्याच दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी आप्पांना अंथरुणावर पुन्हा आडवं करण्यात आलं आणि सुनेला त्यांच्या पायांवरून उलटं जायला सांगितलं गेलं. आप्पांनी लाजेने तोंडावर टॉवेल ओढला, वर्षाने पदर हनुवटीपर्यंत ओढला. समोरचं काही दिसेना तेव्हा ती पेटीवर आपटली. शोभाबाई बाजूला उभं राहून सगळं नीट होतंय ना ते बघत होत्या. त्या रात्री आप्पांच्या दोन्ही पायांत गोळा आला.

पाय चुकीचा पडला असेल म्हणून शोभाबाईंनी तो प्रकार आणखी एकदा करवला. तिसऱ्यांदा अंथरूण घालायला निघाल्या तेव्हा शांत स्वभावाच्या आप्पांनी चपला घातल्या. "मना पायसले आते काही करू नका," एवढं बोलून ते चालायला लागले. मग शोभाबाईंनी साधा हुकूम काढला. दिवा मालवल्यावर सुनेने सकाळपर्यंत उठायचं नाही.

शोभाबाई दुष्ट होत्या असं मात्र कोणी समजू नये. सुनेच्या भाकरीवर तूप त्या स्वतःच्या हाताने वाढायच्या. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी गल्लीभर गूळ वाटला होता. गावाकडे सासरी असताना वाल्मिकच्या पाठीवर एक मूल व्हायचं होतं, ते आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर शोभाबाईंची कूस पुन्हा उजवली नाही. त्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली, तरी शोभाबाई तिच्याविषयी कधी बोलत नसत. आता नातवंडाच्या रूपाने त्यांना जे मिळणार होतं, त्यावर त्यांचा सगळा जीव गोळा झाला होता. जड उचलू नको, चटणी खाऊ नको, ग्रहणात बाहेर जाऊ नको. सुनेच्या मागे त्यांची दिवसभर नाना सांगणी चालायची. फक्त रात्रीचा हुकूम तेवढा त्यांनी मागे घेतला नाही, कारण तो त्यांच्या लेखी नवऱ्याच्या पायांचा प्रश्न होता. सुनेच्या पोटाशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

वर्षाने तो हुकूम तंतोतंत पाळला. पोटुशी बाई, रात्रीतून दोनदा तरी उठावं लागायचंच. ते लागू नये म्हणून तिने आधी संध्याकाळनंतर पाणी सोडलं. तेवढ्याने भागेना तेव्हा दुपारनंतर सोडलं. वैशाख लागला, पत्रा तापून खोलीची भट्टी झाली, तरी ती एखाद-दोन पेल्यांवर दिवस काढायला लागली. शोभाबाईंना एवढंच दिसत होतं, की सून रात्री उठत नाही, दिलेलं ताक तसंच ठेवते आणि तिचे ओठ सुकलेले असतात. ताकाचं त्यांनी डोहाळ्यांवर ढकललं, ओठांचं उन्हावर. सून रात्री उठत नाही याचं मात्र त्यांना कौतुक वाटलं. नळावर त्यांनी ते कुसुमला सांगितलंही, की माझी वर्षा शब्दाची पक्की आहे. आप्पांचे गोळे तसेच सुरू होते, पण जुना दोष फिटायला वेळ लागतो असं कुसुमचं मत पडलं.

सातव्या महिन्यात ओटीभरणाचा दिवस ठरला. दुपारची वेळ, खोलीत मावतील तितक्या बायका. पाटावर वर्षा बसलेली, हिरवी साडी, हातभर बांगड्या, डोक्यात गजरा. शोभाबाईंच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता. पाहुण्यांत तारा सिस्टरही होत्या. या मूळच्या बीडकडच्या, महानगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत निम्मी गल्ली गावाकडे पळाली, तेव्हा उरलेल्या निम्म्यांच्या दारात जाऊन गोळ्या देणारी ही एकटी बाई होती. तेव्हापासून लिंबायतच्या त्या भागात तारा सिस्टरांचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नसे.

बायका एकेक करून ओटी भरत होत्या, पोरीला घास भरवत होत्या. कोणीतरी सरबताचा पेला तोंडाला लावला. वर्षाने ओठ लावल्यासारखं करून तो बाजूला ठेवला. शोभाबाईंनी ते पाहिलं आणि नाराज झाल्या. तेवढ्यात वर्षाने एकदम उजवी पोटरी धरली, तिच्या तोंडून किंकाळी फुटली आणि ती पाटावरून कलंडली. नारळ, तांदूळ, खण सगळं जमिनीवर सांडलं.

बायकांत एकच गलका झाला. तारा सिस्टर मात्र पुढे आल्या, खाली बसल्या, वर्षाचा गुडघा सरळ केला आणि पायाचा पंजा हळूहळू नडगीकडे ओढून धरला. जोर नाही, झटका नाही. पोटरीत दगडासारखा झालेला गोळा सर्वांच्या डोळ्यांदेखत सैल पडत गेला. वर्षा मोठमोठ्याने श्वास घेत होती, पण किंचाळायची थांबली होती.

तेव्हा कुसुमने तिच्या सवयीप्रमाणे विचारलं, "तुले कोनी वलांडं व पोरी?"

तारा सिस्टरांनी मान वर केली. त्यांना आप्पांचे गोळे ठाऊक होते, उलट्या ओलांडण्याची गोष्टही कानावर आली होती. ती ऐकून तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या. आता हसल्या नाहीत. हा गोळा पहिलाच का, असं त्यांनी वर्षाला विचारलं. वर्षाने मान हलवून नाही म्हटलं. कितीतरी दिवस झाले, रोज रात्री येतो. मग ओरडत का नाहीस, तर ती म्हणाली, की पदर तोंडात धरते आणि तळवा भिंतीला दाबून ठेवते, म्हणजे थोड्या वेळाने उतरतो. सासऱ्यांना ओलांडलं त्याचं हे आपल्याला फिरून मिळतंय, अशी तिची समजूत झाली होती. म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सिस्टर शोभाबाईंकडे वळल्या. "ही झोपते कुठं?"

"आत, भिंतले लागीसन," शोभाबाई म्हणाल्या.

"मग बाई, भिंतीतून कोण येतंय हिला ओलांडायला?"

शोभाबाईंनी कुसुमकडे पाहिलं. सगळ्या गल्लीच्या दुखण्यांवर उत्तर असणारी कुसुम जमिनीवरचे तांदूळ गोळा करायला लागली होती.

सिस्टरांनी वर्षाची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, कपाळाला हात लावला. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, की आज सकाळपासून पाणी किती प्यायलीस. वर्षाने सासूकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ती जे बोलली ते हळू बोलली, पण शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं.

"रातले उठानं नही म्हनीसन मी पानी पेत नही."

इतक्या बायकांसमोर सुनेने तक्रार केली असती तर शोभाबाईंना राग तरी आला असता. पण पोरीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं होतं, पूर्वी ओलांडल्याचं सांगितलं होतं तसंच.

सिस्टरांना कपाळ तापलेलं लागलं होतं. लघवीला जळजळ होते का, ओटीपोटात दुखतं का, हे त्यांनी वर्षाच्या कानाशी लागून विचारलं आणि लगेच रिक्षा मागवली. ओटी अर्धीच राहिली. हिरव्या साडीतच वर्षाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की अंगातलं पाणी पार आटलंय, लघवीच्या मार्गात जंतू झालेत आणि त्यापायी पोटात अवेळी कळा सुरू झाल्या आहेत. कळा थांबल्या तर ठीक. नाही थांबल्या तर सातव्या महिन्यातलं मूल, काही सांगता येत नाही. वर्षाला सलाइन लावलं, औषधं सुरू केली आणि शोभाबाईंना बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

त्या बाकावर बसलेल्या शोभाबाईंना पाहून कोणालाही दया आली असती. नळावर चार बायकांना गप्प करणारी ही बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. आत त्यांचं नातवंड होतं आणि ते राहील की जाईल हे त्यांच्या हातात नव्हतं. तारा सिस्टर शेजारी येऊन बसल्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी शोभाबाई आपणहून बोलायला लागल्या. माणसाला आपली चूक दिसायला लागली, की आधी तो तिची बाजू मांडून बघतो.

"आम्हीबी असंच काढं, सिस्टर. सासरी दिन बुडाबिगर लघवीले बाहेर जावाले भेटे नही. दिनभर पानी पेऊत का आम्ही? नही पेऊत. काढंच ना आम्ही?"

"काढलं ना," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही काढलं, माझ्या आईनं काढलं. पण त्या काढण्यात काय काय गेलं, ते कधी कोणी बघितलं का?"

सिस्टरांना शोभाबाईंच्या त्या मुलाची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी सहज विचारलं होतं. पण शोभाबाईंना ते आठव्या महिन्यात गेलेलं मूल आठवलं. त्यांचं मूल कशाने गेलं हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पाणी न पिण्यानेच गेलं असं म्हणणंही खोटं ठरेल. पण त्या उन्हाळ्यात आपण किती तहानलेल्या होतो, हे त्यांना वीस वर्षांनी त्या बाकावर आठवलं. त्या रडल्या. सिस्टरांनी त्यांना रडू दिलं.

मग सिस्टर समजावून सांगायला लागल्या. पायात गोळा का येतो, हे दरवेळी डॉक्टरलाही सांगता येत नाही. पोटुशी बाईला तो पुष्कळदा येतोच. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला येतो, घाम गाळून पाणी न पिणाऱ्याला येतो, उतारवयात येतो. "पण कशानं येत नाही, ते मी तुम्हाला सांगते," त्या म्हणाल्या. "कोणी ओलांडल्यानं येत नाही. तसं असतं तर या सुरतेत एकाही माणसाला रात्रीची झोप लागली नसती. एकेका खोलीत दहा-दहा जण झोपतात हो इथं!"

शोभाबाईंनी डोळे पुसले. मग आप्पांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच योग्य माणसाला विचारला होता. सिस्टरांनी उत्तर दिलं तेही सोपंच होतं. खात्यात पाण्याची बाटली मशीनजवळ टांगून ठेवा आणि दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. झोपण्याआधी भिंतीला दोन्ही हात टेकून, टाचा जमिनीवरून न उचलता पुढे झुकायचं, म्हणजे पोटऱ्या ताणल्या जातात. गोळा आलाच तर घाबरून पाय आखडायचा नाही. तो सरळ करायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा किंवा उठून टाच जमिनीवर दाबायची. मग हलक्या हाताने चोळायचं, वाटलं तर गरम पाण्याने शेकायचं. आणि एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, दुखणं राहिलंच, तर तो गोळा समजायचा नाही. चोळत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. गोळे वारंवार येत असतील तरी एकदा तपासून घ्यावं.

कळा थांबल्या, पण लगेच नाही. त्या थांबेपर्यंत शोभाबाई दवाखान्यातून हलल्या नाहीत. वाल्मिक पाळी संपवून यायचा, आप्पा डबा घेऊन यायचे, दोघांनाही त्या परत पाठवायच्या. डॉक्टरीणबाई गुजरातीतून सांगायच्या, पाणी पीवानुं, खूब पीवानुं, आणि शोभाबाई पेला भरून सुनेच्या तोंडाशी धरायच्या. पहिल्या दिवशी वर्षाने सवयीने नको म्हटलं. शोभाबाई तिला समजावत बसल्या नाहीत. "पे," एवढंच म्हणाल्या, आणि तिला लघवीला जायचं झालं की सलाइनची बाटली एका हातात उंच धरून दुसऱ्या हाताने तिला स्वतः घेऊन जायच्या. तिसऱ्या का चौथ्या खेपेला वर्षा म्हणाली, की आत्या, तुमची झोप मोडते. शोभाबाईंनी नुसता तिचा गजरा सुकला होता तो केसांतून काढून टाकला.

घरी आल्या आल्या शोभाबाईंनी भर दुपारी अंथरुणं काढली. वाल्मिकला पेट्या दुसऱ्या भिंतीला सरकवायला लावल्या. वर्षाची जागा मोरीशेजारी, दाराकडे. तिच्या बाजूला आपली. आणि आप्पांनी आत भिंतीकडे, ओट्याजवळ जायचं. आप्पांनी वाऱ्याची जागा इतक्या वर्षांनी सोडली, पण कुरकुर केली नाही. उलट, हे आधी का सुचलं नाही, म्हणाले. खरंच, का सुचलं नव्हतं? खोली तीच, माणसं तीच, अंथरुणं तीच. एक जागा बदलायची होती. पण वडीलधाऱ्याने दाराशी झोपायचं आणि सुनेने आत भिंतीला, हे इतकं ठरून गेलेलं होतं की त्यावर कोणी विचारच केला नव्हता.

कुसुम दोनच दिवसांत बोललीच. दाराशी सून निजवतात होय, लोक काय म्हणतील? शोभाबाई हंडा डोक्यावर घेता घेता थांबल्या. लोकांना विचारून बघते, म्हणाल्या, की सलाइन लावायच्या वेळी तुमच्यातलं कोण येईल. पुढच्या आठवड्यात कुसुमने आपल्याही सुनेची जागा बदलली, असं नंतर कळलं.

आप्पा भिंतीला हात टेकून टाचा दाबायला लागले तेव्हा वाल्मिकला आधी हसू आलं. मग तोही बापाशेजारी उभा राहायला लागला. खात्यात आप्पांची पाण्याची बाटली मशीनला लटकलेली पाहून बाकीच्या कारागिरांनीही बाटल्या आणल्या, आणि सगळ्यांनी मिळून मुकादमाकडे बोलणं केलं तेव्हा माठ खात्याच्या मधोमध आला. आप्पांचे गोळे पार गेले असं नाही. अधूनमधून येतात. पण आता ते पाय सरळ करतात, पंजा ओढतात आणि पुन्हा झोपतात. गल्लीला जाग येत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला मनाई केली होती. तेव्हा वर्षाची आई आपल्या भावाला, सुकदेवला, सोबत घेऊन धरणगावहून सुरतेला आली आणि बाळंतपण सुरतेतच झालं. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट.

बारशाच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जेवणं उरकली, पुरुष बाहेर सावलीला गेले आणि दमलेल्या बायका जागा मिळेल तिथे आडव्या झाल्या. आत ओट्याशी वर्षा चहाची भांडी विसळत होती. दाराजवळच्या झोळीत पोरगी एकदम रडायला लागली. वर्षा लगबगीने उठली, आणि दोन पावलांवर थबकली. समोर ओळीने पाय पसरलेले होते. कुसुमचे, तिच्या स्वतःच्या आईचे, गावाकडून आलेल्या चुलत सासूचे, आणि सर्वांत पुढे शोभाबाईंचे. पोरगी रडून लालबुंद झाली होती आणि तिची आई वाट नाही म्हणून जागच्या जागी उभी होती.

शोभाबाईंनी डोळे उघडले. सून का थांबली आहे, हे त्यांना क्षणात कळलं.

"वलांड, बेटा," त्या म्हणाल्या. "थांबू नको."

वर्षाची आई दचकून उठून बसली आणि म्हणाली, की अहो विहीणबाई, असं कसं? शोभाबाई तिला काही समजावत बसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर आपले पाय जवळ ओढून घेतले. मग कुसुमने ओढले. मग चुलत सासूने, मग वर्षाच्या आईने. दारापर्यंत वाट मोकळी झाली. वर्षा गेली आणि तिने लेकीला उचललं.

वाचकहो, आपल्या घरात एखादी बाई पाणी पिण्याआधी मनाशी काही हिशेब करत असेल, तर ती आपल्याला ते सांगणार नाही. ते आपणच पाहायचं आहे. जुन्या रीती पाळाव्यात की मोडाव्यात यावर भांडण नंतर करता येईल. आज अंथरुणं घालताना एवढंच बघा, की सर्वांत आत झोपणाऱ्या माणसाला उठून बाहेर जायला वाट आहे की नाही. नसेल तर आपले पाय आवरून घ्या.